अकराव्या रकान्यातला रफू

रफूताईंना भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासूनची खोड आहे. शाळेत बाई पट्टी घेऊन वर्गात आल्या की बाकीच्या मुली माना खाली घालायच्या आणि ही एकटी फिदीफिदी हसायची, मग पट्टी अर्थातच हिच्याच हातावर. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं तेव्हा डॉक्टर संमतीच्या कागदावर सही घ्यायला आले, तर या बाई खुसखुसत सही करताहेत. डॉक्टरांनी खाटेवरच्या नवऱ्याकडे फार कणवेनं पाहिलं म्हणे. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी सरांनी दूरच्या विद्यापीठातून आलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि रफूताई पोट धरून हसायला लागल्या, तेव्हा त्यांच्या पायांखालची जमीन सरकली आहे हे खोलीत कुणाच्याही ध्यानात आलं नाही. उलट सरांना वाटलं, बाईंना आनंदाचं भरतं आलंय. तेही हसले. बटणराव तर टाळ्याच वाजवायला लागले.

ही खोली ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी. तीन टेबलं, चार संगणक, एक खिडकी उघडत नाही आणि दुसरी बंद होत नाही. दारावरची पाटी दारापेक्षा रुंद आहे, कारण तिच्यावर ‘प्राचीन ग्रीक संहिता : संगणकीय संपादन कक्ष’ एवढं सगळं मावायला हवं होतं. आत येणारा प्रत्येक माणूस आधी तिला कोपर मारतो आणि मग आत येतो. इथे माणसं तीन. सर म्हणजे प्रमुख. उंच, किडकिडीत, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेले. बटणराव संगणकाचं सगळं बघतात. कुणीही कसलीही अडचण घेऊन गेलं की ते आधी विचारतात, “बटण दाबलं होतं का?” त्यावरून हे नाव. आणि तिसऱ्या रफूताई.

आता रफू करणारी बाई ग्रीक भाषेच्या खोलीत कशी शिरली, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. रफूताई पंचवीस वर्षं एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात पुढच्या काचेशी बसून कपड्यांना रफू करायच्या. कसर लागलेले कोट, खिळ्यात अडकलेल्या साड्या, इस्त्रीनं जळालेल्या पँटी. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा उपसायचा आणि भोकावर असा विणायचा, की मालकालासुद्धा भोक कुठे होतं ते शोधावं लागलं पाहिजे. पुढे लोक फाटलेलं टाकून नवीन घ्यायला लागले. दुकानदारानं रफूची खुर्ची काढून तिथे फुलदाणी ठेवली. शेवटच्या आठवड्यात सर आपला कोट न्यायला आले, तो खिडकीशी धरून उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “बाई, तुम्हाला बारीक ठिपके वाचायचं काम जमेल का?”

ते काम म्हणजे गाढववाला. दोन हजार वर्षांपूर्वी कुण्या एका ग्रीक माणसानं गाढवांची निगा कशी राखावी यावर एक ग्रंथ लिहिला. पपायरसवर, म्हणजे पाणवेताच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या लांबलचक कागदावर. लेखकाचं नाव गुंडाळीच्या पहिल्या हातभर तुकड्याबरोबर केव्हाच किडीच्या पोटात गेलं. उरले ते बावीस रकाने, तेही जागोजागी भोकं पडलेले. मूळ कागद दूर कुठेतरी एका संग्रहालयात काचेखाली आहे. इथे आहेत त्याचे फोटो. ते फोटो पडद्यावर मोठे करायचे, एकेक अक्षर ओळखून टंकायचं, जिथे भोक असेल तिथे किती अक्षरं गेली असावीत तो आकडा लिहायचा, आणि हळूहळू जगात कुणालाही वाचता येईल असा पाठ संगणकावर उभा करायचा. सरांनी यात अकरा वर्षं घातली, रफूताईंनी आठ.

पहिल्या वर्षी रफूताईंना ती अक्षरं म्हणजे नुसते टाके वाटायची. पण सरांच्या खोलीतल्या पाठाची एक गंमत आहे. कुठल्याही शब्दावर माऊसची टिचकी मारली की बाजूला चौकट उघडते आणि त्या शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ रूप, तो आणखी कुठे कुठे आलाय, सगळं दिसतं. रफूताईंना चौकशीचा भारी सोस. दुकानातसुद्धा कोट कुणाचा, डाग कशाचा हे विचारल्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या नाहीत. त्यांनी आठ वर्षं टिचक्या मारल्या. दुसऱ्या वर्षी शब्द ओळखीचे झाले, चौथ्या वर्षी वाक्यं, आणि पाचव्या वर्षी त्या गाढववाल्याशी भांडायला लागल्या. रात्री जेवताना नवऱ्याला सांगायच्या, “आज म्हणतो, गाढवाला ओल्या जमिनीवर बांधू नये. आणि मागच्या रकान्यात हाच म्हणाला होता की नदीकाठी बांधा. नदीकाठची जमीन काय कोरडी असते?”

“पावसाळ्याआधी लिहिलं असेल,” नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. यंत्राचा असो वा माणसाचा, दोष लगेच कुणाच्या माथी मारत नाही.

फक्त एका गोष्टीवरून रफूताईंचं आणि सरांचं पहिल्या दिवशीच वाजलं होतं. खोलीचा नियम असा, की भोकात संपादकानं स्वतःच्या अकलेनं जे काही भरलं असेल ते चौकोनी कंसात घालायचं. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, कंसाबाहेरचं गाढववाल्याचं आणि कंसातलं आपलं. रफूताईंना हे ऐकून धक्काच बसला.

“म्हणजे ठिगळ लावायचं आणि वर लिहायचं की हे ठिगळ आहे?”

“अगदी बरोबर,” सर खूश होऊन म्हणाले.

“आमच्याकडे असं केलं असतं तर गिऱ्हाईकानं कोट तोंडावर फेकला असता.”

पण नियम म्हणजे नियम. रफूताईंनी तो पाळला. मनातून प्रत्येक कंस त्यांना सुटलेल्या टाक्यासारखा खुपायचा, तरी पाळला. एकदा सोडून.

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार. अकरावा रकाना, चौथी ओळ. गाढववाला म्हणतो, वाटेत गाढव थांबलं तर त्याला मारू नये. आणि पुढे अंगठ्याएवढं भोक. पंधरा अक्षरं गेलेली. बटणरावांनी एक सोय करून ठेवली होती. त्याच लेखनिकानं इतरत्र लिहिलेली स्वच्छ अक्षरं फोटोतून कापायची आणि भोकावर ठेवून पाहायची, बसतात का ते. रफूताईंना हे अवजार फार आवडायचं, कारण हेच तर त्या पंचवीस वर्षं करत आल्या होत्या. आतल्या शिवणीतला धागा काढायचा नि बाहेर विणायचा. भोकाच्या डाव्या कडेला एका अक्षराचा पाय शिल्लक होता. चौथ्या रकान्यात एक गाढव, लहानपणी एकदाच पाणी प्यायलेल्या विहिरीकडे आपणहून वळतं, अशी गोष्ट होती. रफूताईंनी दोन शब्द ठेवून पाहिले, काढले, दुसरे ठेवले. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला तीन शब्द असे बसले, की त्यांच्या अंगावर काटा आला. पंधराच्या पंधरा अक्षरं. डाव्या कडेचा पाय पहिल्या अक्षराला जोडला गेला. वाटेत गाढव थांबलं तर त्याला मारू नये. त्याला काहीतरी आठवलेलं असतं.

त्यांनी ते कंसात टंकलं. मग नुसतं बघायला म्हणून कंस काढले. आणि काय सांगावं, ओळ अशी अखंड झाली, इतकी सुरेख दिसायला लागली की बाईंना चढलीच. जिन्यावर ग्रंथपालांनी घंटा वाजवली, बंद करायची वेळ झाली होती. रफू पुरा झाला की हात आपोआप धागा तोडतो, तसा त्यांच्या हातानं फाइल जतन केली. घरी गेल्या तर नवरा पोट धरून जमिनीवर बसलेला. दवाखाना, ऑपरेशन, ती हसत केलेली सही, बारा दिवस रजा. परत आल्या तेव्हा सरांनी बाराव्या रकान्याचे फोटो पुढे ठेवले आणि अकरावा डोक्यातून साफ गेला.

तुम्ही म्हणाल, मग तपासणी? तपासणी होते ना. प्रत्येक रकान्यावरून दुसरी नजर फिरवायची असा नियम आहे. पण त्याच सुमाराला सरांच्या डोळ्यांची ऑपरेशनं होती, म्हणून नऊ ते चौदा या रकान्यांवरची दुसरी नजर रफूताईंचीच ठरली. स्वतःचा रफू स्वतःला कसला दिसतोय? त्यातून तो फोटो जुना. संग्रहालयवाल्यांनी पपायरसच्या मागे तपकिरी पुठ्ठा लावलेला, त्यामुळे भोकसुद्धा कागदासारखंच दिसतं. पाठ जगासमोर गेला. जगानं पाठ वाचला. फोटो उघडून पाहायचे कष्ट जगानं घेतले नाहीत, आणि जग असे कष्ट सहसा घेतही नाही.

आणि आता हे पत्र. दूरच्या विद्यापीठातल्या एक नामवंत प्राध्यापिका लिहीत होत्या, की जुन्या लिखाणातल्या जनावरांवर त्या सहा वर्षं काम करताहेत, आणि एवढ्या वर्षांत त्यांना एका ओळीनं वेड लावलंय. गाढवाला काहीतरी आठवलेलं असतं! जनावराला भूतकाळ असतो हे इतक्या साधेपणानं दुसऱ्या कुणी म्हटलेलं त्यांच्या वाचनात नाही. या ओळीवरच त्यांचं नवं व्याख्यान आहे, आणि ते जिथे ही ओळ पहिल्यांदा वाचली गेली तिथे येऊन द्यावं अशी त्यांची इच्छा आहे. पुढच्या बुधवारी चालेल का?

सरांना अकरा वर्षांत या कामाबद्दल एकच पत्र आलं होतं, आणि ते पान उघडायला वेळ लागतो अशा तक्रारीचं होतं. त्यांनी हे पत्र चार वेळा वाचलं. रफूताई हसतच होत्या.

पुढचे नऊ दिवस रफूताईंचे पाय जमिनीला टेकले नाहीत. भीती होतीच. नोकरी जाईल, सरांची अब्रू जाईल, पाहुण्या बाईंचं व्याख्यान हवेत विरेल, रात्री दोनला जाग आली की हे सगळं ओळीनं समोर यायचं. पण खोटं कशाला बोला, भीतीपेक्षा आनंद जास्त होता. नुसता आनंद नाही, उन्माद. पंचवीस वर्षं त्यांचं काम जितकं चांगलं तितकं ते कुणाला दिसायचं नाही. आणि आता त्यांचे तीन शब्द दोन समुद्र ओलांडून जाऊन एका शहाण्या बाईला वेड लावून परत येत होते. त्यांना जिन्यात उड्या माराव्याशा वाटायच्या. एकदा मारली, आणि वरून येणाऱ्या ग्रंथपालांच्या हातातल्या फाइली पडल्या.

त्यातून ती ओळ ग्रंथालयभर झाली. सरांनी व्याख्यानाचा कागद सूचनाफलकावर लावला होता. दुसऱ्याच दिवशी झेरॉक्स मशीन अडलं आणि झेरॉक्सवाला त्याच्यावर थापटी मारणार तेवढ्यात रांगेतली एक मुलगी म्हणाली, “मारू नका, त्याला काहीतरी आठवलेलं असेल.” सगळी रांग हसली. मग नळाला पाणी आलं नाही तेव्हा तेच. हिशेबनीस उशिरा आले तेव्हा तेच. बटणरावांनी तर ‘बटण दाबलं होतं का’ सोडून हेच म्हणायला सुरुवात केली. रफूताई प्रत्येक वेळी टेबलावर डोकं टेकवून इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं.

शनिवारी रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इस्त्री करत होता. इस्त्री उभी करून त्यानं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे कुणाला कळलंच नाही?”

“नाही ना!”

“मग काम झकास झालं की.”

“झकासच झालंय हो. म्हणून तर बोंब आहे.”

त्यानं शर्टाची कॉलर सपाट केली. मग म्हणाला, “अगं, आमच्याकडे लिफ्टला हात लावला की आत एक कार्ड असतं, त्यावर लिहावं लागतं. काय बदललं, कधी, कुणी. सही करावी लागते. माणसं त्यात बसून वर जातात, त्यांना माहीत हवं ना मूळचं काय आहे नि आपण काय बसवलंय. काम चांगलं असलं तरी लिहायचं. चांगलं असलं तर लिहायला काय हरकत आहे?”

“पण माझ्या धंद्यात तसं नव्हतं.”

“कोट घालून कुणी दहाव्या मजल्यावर जात नाही,” तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, “म्हणजे जातात, पण कोटाच्या भरवशावर नाही जात.”

रफूताईंना हेही खूप हसू आलं. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. गाढववाला बिचारा दोन हजार वर्षं गप्प पडून होता, आणि त्यांनी त्याच्या तोंडी आपलं वाक्य घातलं होतं. त्याला तर ‘मी असं बोललो नव्हतो’ असं म्हणायचीही सोय नाही. त्यांना त्याच्यासमोर लाज वाटली. खरोखर, घरातल्या माणसासमोर वाटावी तशी.

मंगळवारी सकाळी त्या सरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. सर आरशाशिवाय टाय बांधायचा सराव करत होते.

“सर, तो अकरावा रकाना…”

“बसा ताई, बसा. तुम्हाला एक सांगायचंय, नाहीतर उद्या गर्दीत राहून जाईल.” सरांनी टाय सोडला. “माझ्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या ना, तेव्हा माझ्याकडेच ग्रीक शिकलेली पुतणी मला तुमचे रकाने वाचून दाखवायची. अकरावा वाचला तेव्हा मी तिला तिथेच थांबवलं. घरचे मला विचारतात हो, अकरा वर्षं एका गाढववाल्यापाशी काय थांबलायस? मला कधी उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी वाटलं, ह्यानंच दिलंय.”

रफूताईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसत बाहेर पळाल्या. बाहेर गेल्यावर ते हसणं राहिलं नव्हतं, पण ते कुणी पाहिलं नाही.

बुधवारी सभागृह भरलं. दीडशे खुर्च्या, वर भिंतीला टेकून उभी असलेली मुलं. पाहुण्या बाई बुटक्या, गोल चष्म्याच्या, मोठ्या आनंदी निघाल्या, आणि मूळच्या इकडच्याच असल्यानं चक्क मराठीत बोलायला लागल्या. त्यांनी भिंतीएवढ्या पडद्यावर ती ओळ लावली. एकेक अक्षर वीतभर. रफूताई तिसऱ्या रांगेत बटणरावांशेजारी बसल्या होत्या आणि आपले पंधरा टाके एवढे मोठे झालेले बघून त्यांचं डोकं गरगरत होतं. बाई चाळीस मिनिटं बोलल्या आणि काय बोलल्या! थांबणं म्हणजे हट्ट नाही, थांबणं म्हणजे स्मरण. गाढववाल्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं ते एका रस्त्यावर, दोर हातात धरून, स्वतः पाहिलं होतं. रफूताईंना कधी हा रस्ता दिसायचा, कधी आपली दुकानातली खुर्ची. टाळ्या वाजल्या तेव्हा त्याही वाजवत होत्या.

“कुणाला काही विचारायचंय?” पाहुण्या बाई म्हणाल्या.

रफूताईंचा हात वर गेला. तो त्यांनी वर केला होता असं त्या आजही शपथेवर सांगणार नाहीत. उभ्या राहिल्या आणि लागल्या हसायला. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघतंय, सर कौतुकानं मान डोलावताहेत, आणि या बाई समोरच्या खुर्चीची पाठ धरून हसताहेत. शेवटी त्यांनी श्वास ओढून घेतला.

“ती ओळ गाढववाल्याची नाही हो,” त्या म्हणाल्या. “माझी आहे.”

कुणाला काही समजलं नाही. पाहुण्या बाईंनी चष्मा काढला.

“तिथं भोक आहे,” रफूताई म्हणाल्या. “‘मारू नये’पर्यंत त्याचं, पुढचं मी भरलंय. कंस काढले आणि घालायचे राहिले. म्हणजे राहिले असं नाही, मला ते तसंच छान वाटलं. बटणराव, फोटो लावा ना.”

बटणरावांनी आधी सरांकडे पाहिलं. सरांची मान डोलायची थांबली होती. बटणरावांनी फोटो लावला, मोठा केला, उजेड वाढवला, आणखी वाढवला. आणि भिंतीवर सगळ्यांना दिसलं, की त्या जागी पपायरसचा एकही धागा नाही, नुसता पुठ्ठा आहे. मग त्यांनी न सांगताच फाइलचा इतिहास उघडला, कारण तिथे प्रत्येक बदल कुणी नि कधी केला याची नोंद राहते. तीन वर्षांपूर्वीची तारीख, संध्याकाळचे पाच बावन्न, समोर ‘रफू’.

पाहुण्या बाई व्यासपीठाच्या पायरीवर खाली बसल्या. “चाळीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “मी चाळीस मिनिटं तुमच्यावर बोलले.”

“हो,” रफूताई म्हणाल्या. “फार सुंदर बोललात.”

आणि पाहुण्या बाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे, मग मोठ्यानं, मग त्यांना बोलताच येईना. भिंतीशी उभी असलेली मुलं हसली, रांगामागून रांगा हसल्या. बाईंनी डोळे पुसत विचारलं, “पण तुम्हाला हेच का सुचलं?” आणि रफूताईंनी तिथल्या तिथे सांगितलं. चौथ्या रकान्यातली विहीर, डाव्या कडेचा पाय, पंधरा अक्षरांचं माप, आधी काढून टाकलेले शब्द. बाईंनी वही काढून लिहून घेतलं. “हा तर्क चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “खरं असेल असं नाही. पण चांगला आहे.”

हसले नाहीत ते फक्त सर. ते पहिल्या रांगेतून उठले, रफूताईंच्या समोर येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “आणखी किती आहेत?”

रफूताईंचं हसू एका क्षणात बंद झालं. हा प्रश्न त्यांना नऊ दिवसांत एकदाही पडला नव्हता.

“मला वाटतं एवढाच,” त्या म्हणाल्या. मग खरं ते बोलल्या, “पण खात्री नाही, सर. मी काम नीट करते हो.”

सरांनी मान हलवली. “उद्यापासून पहिल्या रकान्यापासून बसू. आधी हे कंस घाला.”

दीडशे माणसांसमोर रफूताई व्यासपीठावर चढल्या. डावा कंस, उजवा कंस. भिंतीवर ओळ दोन ठिकाणी चिरली गेली. खालच्या टिपेत, ही भर कुणी सुचवली ते लिहायची जागा असते. तिथे त्यांनी आपलं नाव लिहिलं, रफू नव्हे, खरं, आई-वडिलांनी ठेवलेलं, जे ग्रंथालयात कुणालाच ठाऊक नव्हतं. मागून कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. रफूताईंना त्यातली एकही ऐकू आली नाही, कारण सर दाराकडे निघाले होते आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पुढचे दिवस कठीण गेले. सर त्यांच्याशी बोलत होते, पण ‘ताई’ म्हणत नव्हते. दोघं शेजारी बसायचे. एका पडद्यावर फोटो, उजेड पूर्ण वाढवलेला, दुसऱ्यावर पाठ आणि त्याचा इतिहास. ओळ, भोक, कंस, बरोबर. ओळ, भोक, कंस, बरोबर. रफूताई इतक्या घाबरून बसायच्या की हसूसुद्धा येत नव्हतं. आठवडाभरात त्यांचे आठही वर्षांचे बदल एकेक करून पाहून झाले. दुसरा रफू सापडला नाही. सर “बरं” म्हणाले. तेवढंच.

“मग झालं का?” बटणरावांनी विचारलं.

“त्याआधीचंही बघून टाकू,” सर म्हणाले. “नियम तो नियम.”

त्याआधीचं म्हणजे रफूताई येण्यापूर्वीची तीन वर्षं, सर एकटेच काम करत होते तेव्हाची. दुसऱ्या रकान्याच्या नवव्या ओळीशी रफूताईंचा माऊस थांबला. तिथे गाढववाला आपल्या गाढवाला ‘लाडकं’ म्हणतो. साऱ्या बावीस रकान्यांत फक्त एकदाच म्हणतो, आणि सर प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात त्या शब्दानं करायचे. रफूताईंनी उजेड वाढवला. मग आणखी वाढवला. पुठ्ठा.

त्यांनी इतिहास उघडला. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, रविवार, आणि समोर ‘सर’.

सर पडद्याजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. त्यांचे कान लाल झाले. “मला आठवत नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नाही, आठवतंय. सुट्टीचा दिवस होता. खोलीत मी एकटाच होतो. तो वाचणाऱ्याला इतकं सगळं सांगतो, पाणी दे, सावली दे, खूर बघ, आणि एक शब्द प्रेमाचा नाही. मला ते बरं वाटेना हो, ताई.”

रफूताईंना हसू फुटलं. आठ दिवसांचं साठलेलं हसू, आणि त्यात भीतीचा कणही नव्हता. सरांनी आधी रागानं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, आणि मग ते असे हसायला लागले की शेजारचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून पाटीला कोपर मारून आत आला. रफूताईंनी डोळे पुसले आणि कीबोर्ड सरांच्या पुढे सरकवला. सरांनी एका बोटानं आधी डावा कंस घातला, मग उजवा, आणि खालच्या टिपेत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.